आतड्याच्या सुजेवर प्लाझ्मा एक्स्चेंज: करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीला सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार आहे. मेसालामाइन झालं, अॅझाथायोप्रिन झालं. स्टिरॉइडचा डोस कमी केला की शौचातून पुन्हा रक्त पडायला लागतं. इन्फ्लिक्सिमॅबने वर्षभर छान गुण आला, पण आता तोही ओसरतोय. अशात एका केंद्राने पाच वेळा प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रव भाग काढून बदलणं, करून 'रक्तातली सूज काढून टाकू' असं सुचवलं आहे. ओळखीतले एक गृहस्थ गिया-बारे सिंड्रोममध्ये (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजारात) याच उपचाराने पायावर उभे राहिले, त्यामुळे घरच्यांचा कल तिकडे झुकतोय. करावं का?

करू नका. निदान या आजारासाठी तरी नाही.

मी स्वतः अॅफेरेसिस विभागात, म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून त्यातला नको तो भाग काढतात तिथे, हेच यंत्र चालवतो, तेव्हा या उपचाराशी माझं काही वैर नाही. टीटीपी नावाच्या रक्ताच्या आजारात उपचार न मिळालेले जवळजवळ सगळे रुग्ण पूर्वी दगावायचे. प्लाझ्मा एक्स्चेंज आल्यावर बहुतेक वाचू लागले. असा रुग्ण आला की मध्यरात्रीही आम्ही यंत्र लावतो. पण जे यंत्र एका आजारात जीव वाचवतं ते दुसऱ्या आजारात नुसतं रक्त फिरवत बसतं, आणि कोलायटिसमध्ये नेमकं हेच होतं. का, ते नीट समजून घ्या, कारण 'रक्तातली घाण काढून टाकू' हे वाक्य ऐकायला इतकं सरळ वाटतं की त्याला नाही म्हणणारा डॉक्टरच हटवादी ठरतो.

रुग्णाच्या शिरेतून, किंवा शिरा चांगल्या नसतील तर मानेत घातलेल्या जाड कॅथेटरमधून, रक्त यंत्रात येतं. यंत्र ते गरगर फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतं. पेशी परत जातात. पिवळसर प्लाझ्मा खालच्या पिशवीत साठतो आणि फेकला जातो. त्याच्या जागी ५ टक्के अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रथिन) किंवा दात्यांचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा देतात. ५५ किलो वजनाच्या, हिमोग्लोबिन जरा कमी असलेल्या बाईच्या अंगात साधारण अडीच लिटर प्लाझ्मा असतो. तेवढा एकदा बदलला की रक्तवाहिन्यांमधल्या एखाद्या मोठ्या रेणूचं प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांनी खाली येतं. दीडपट बदलला तर ७८ टक्क्यांच्या आसपास. १०० टक्के कधीच होत नाही, कारण आत टाकलेला नवा द्रवही जुन्यात मिसळत जातो आणि पुढे पुढे आपण नवाच द्रव काढत राहतो.

हेही फक्त रक्तवाहिन्यांमधल्या मालाचं झालं. आयजीजी जातीच्या अँटीबॉडींपैकी निम्म्याहून अधिक रक्ताबाहेर, ऊतींमध्ये असतात. आज काढल्या की एकदोन दिवसांत त्या ऊतींतून पुन्हा रक्तात उतरतात. म्हणून एक्स्चेंज एकदा करून भागत नाही, एकेक दिवस सोडून पाच-सहा वेळा करावं लागतं. 'पाच वेळा' हा आकडा तिथूनच आला आहे. तुमच्या बहिणीच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.

आता हा उपचार लागू कुठे पडतो? जिथे गुन्हेगार प्लाझ्मामध्ये आहे, आकाराने मोठा आहे, सावकाश तयार होतो आणि स्वतःच इजा करतो तिथे. टीटीपीमध्ये एडीएएमटीएस१३ या एन्झाइमला निकामी करणारी अँटीबॉडी असते. ती काढली आणि दात्याच्या प्लाझ्मामधून तेच एन्झाइम भरून दिलं की प्लेटलेट्स वर येतात. मायस्थेनिया या स्नायू अशक्त होण्याच्या आजारात स्नायूंवरचे रिसेप्टर अडवणारी अँटीबॉडी असते; ती कमी केली की झाकलेल्या पापण्या काही दिवसांत उघडलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचा गिया-बारे. तो बहुतेक वेळा एकदाच येणारा आजार आहे. हल्ला काही आठवड्यांत आपोआप थांबतो, एक्स्चेंजने तो काळ आखडतो आणि मज्जातंतूंचं नुकसान कमी होतं. त्यांना गुण आला हे खरंच आहे. पण एकदाच येऊन जाणारा आजार आणि वर्षानुवर्षं धुमसणारा आजार यांना एकच माप लावता येत नाही.

कोलायटिस आणि आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार क्रोन्स, या दोन्हींत गुन्हेगार आतड्याच्या भिंतीत राहतो. आतड्यातले जिवाणू, पातळ झालेलं अस्तर, आनुवंशिक कल यांच्या गुंत्यातून तिथल्या रोगप्रतिकारक पेशी चेकाळतात. टी पेशी आणि मॅक्रोफेज टीएनएफ, आयएल-१२, आयएल-२३ असे संदेशरेणू तिथल्या तिथे तयार करतात आणि तिथल्या तिथे वापरतात. नव्या पेशी अल्फा-४-बीटा-७ नावाच्या खुणेच्या आधारे आतड्यातच येऊन उतरतात. रक्त हा त्यांचा नुसता ये-जा करायचा मार्ग. रक्तात सापडणारे संदेशरेणू हे आतल्या आगीतून बाहेर सांडलेलं असतं, आणि त्यांचं आयुष्य मिनिटांत मोजावं इतकं कमी असतं. अडीच-तीन तास यंत्र चालवून आपण जे काढतो ते यंत्र बंद करेपर्यंत पुन्हा तयार झालेलं असतं. गळक्या छपराखालची बादली रिकामी करत बसावं, तसा हा प्रकार.

'हा तुमचा तर्क झाला, पुरावा काय?' असं कोणी विचारलं तर मी दोन औषधांची उदाहरणं देतो. प्लाझ्मा एक्स्चेंजचे कोलायटिसमध्ये मोठे, नीट तुलना केलेले अभ्यासच नाहीत. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून मोजक्या रुग्णांचे तुरळक अहवाल आहेत, बस. पण या औषधांनी तोच प्रश्न आडवाटेने सोडवून ठेवला आहे.

पहिलं इटानरसेप्ट. ते टीएनएफला पकडतं, विशेषतः मोकळं फिरणाऱ्या टीएनएफला. संधिवातात ते उत्तम चालतं. क्रोन्समध्ये त्याची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या बनावट डोसापेक्षा, सरस ठरलं नाही. इन्फ्लिक्सिमॅबही टीएनएफलाच पकडतं, पण ते पेशीच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या टीएनएफलाही घट्ट धरतं आणि आतड्यातल्या त्या पेशींनाच गप्प करतं. ते चाललं. लक्ष्य तेच असूनही नुसतं मोकळं फिरणारं टीएनएफ टिपून क्रोन्स शांत झाला नाही. प्लाझ्मा एक्स्चेंज फार तर तेवढंच करू शकतं, तेही काही तासांपुरतं.

दुसरं रिटुक्सिमॅब. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना, म्हणजे बी पेशींना ते संपवतं. अँटीबॉडी हा कोलायटिसचा गाभा असता तर त्याने फरक पडायला हवा होता. २०११ मध्ये आलेल्या छोट्या चाचणीत स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या कोलायटिसमध्ये त्याचा ठोस फायदा दिसला नाही. उलट दुसऱ्या आजारांसाठी रिटुक्सिमॅब घेतलेल्या काहींना नव्याने कोलायटिस झाल्याच्या नोंदी आहेत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला ती कुणीतरी पुढे करेलच. कोलायटिसच्या रुग्णांच्या रक्तात अँटीबॉडी सापडतात हे खरं आहे. त्यांतली पी-एएनसीए नावाची अँटीबॉडी फार पूर्वीपासून माहीत आहे. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी अल्फा-व्ही-बीटा-६ या इंटिग्रिनविरुद्धची (पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाविरुद्धची) अँटीबॉडी दाखवली. ती कोलायटिसच्या दहापैकी नऊ रुग्णांत होती आणि निरोग्यांत क्वचित. हे इंटिग्रिन आतड्याच्या अस्तराच्या पेशींवर असतं, त्यामुळे ती अँटीबॉडी खुद्द इजा करते का यावर काम चालू आहे. मला हे संशोधन फार रंजक वाटतं. पण निदानाची खूण आणि उपचाराचं लक्ष्य या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उद्या ती दोषी ठरली तरी ती पुन्हा पुन्हा बनवणाऱ्या पेशी प्लाझ्मा काढून जात नाहीत.

आता ज्या गोष्टीने चांगले शिकलेले लोकही फसतात ती सांगतो. केंद्रवाले तुम्हाला आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट दाखवतील. सीआरपी आणि ईएसआर या सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी ६० वरून १५ वर आलेला असेल. ईएसआर उतरलेला असेल. अल्ब्युमिन २.६ वरून ३.५ झालेलं असेल. पायावरची सूजही कमी दिसेल. हे सगळं खरं असेल, कोणी रिपोर्टमध्ये फेरफार केलेला नसेल. पण विचार करा: सीआरपी हे प्लाझ्मामधलंच प्रथिन आहे. आपण प्लाझ्मा फेकला, त्याबरोबर ते गेलं. ईएसआर मुख्यतः फायब्रिनोजेनवर चालतो. फायब्रिनोजेनही पिशवीत गेलं. आणि अडीच लिटर ५ टक्के अल्ब्युमिन म्हणजे १२५ ग्रॅम अल्ब्युमिन आपण शिरेतून ओतलं, मग ते वाढणार नाही तर काय? म्हणजे आजार जागच्या जागी आणि मोजपट्टीच आपण कापून आलो. चार-पाच दिवस थांबून हेच रिपोर्ट काढले की चित्र बदलतं. शौचाच्या तपासणीतलं कॅलप्रोटेक्टिन मात्र या प्रकाराने सहसा फसत नाही, कारण ते आतड्यात घुसलेल्या पांढऱ्या पेशींतून येतं. कोलोनोस्कोपी तर अजिबात फसत नाही. कोणी प्लाझ्मा एक्स्चेंजने कोलायटिस बरा झाल्याचं सांगितलं तर मी दोनच गोष्टी मागतो: आधीचं-नंतरचं कॅलप्रोटेक्टिन आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरच्या दुर्बिणीचे फोटो. आणि त्या काळात स्टिरॉइडचा डोस वाढवला होता का, हेही विचारतो. बहुतेक वेळा वाढवलेला असतो.

'पण बरं वाटलं म्हणतात ना लोक?' म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. कोलायटिसच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये प्लासिबो घेणाऱ्या साधारण तिघांतल्या एकाला बरं वाटतं आणि दहातल्या एकाचा आजार शांतही होतो. हा आजार आपल्या लहरीने चढतो आणि उतरतो. माणसं उपचाराला जातात ती चढलेला असताना.

तोटे म्हणाल तर सामान्य रुग्णात हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सिट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आम्ही कॅल्शियम देतो, यंत्राचा वेग कमी करतो, मुंग्या जातात. रक्तदाब पडू शकतो, दात्याचा प्लाझ्मा दिला तर अंगावर गांध्या उठू शकतात. रोजच्या कामातलं आहे हे. पण सक्रिय कोलायटिसचा रुग्ण सामान्य रुग्ण नाही. या आजारात शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका आधीच इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, आजार भडकलेला असताना त्याहून जास्त. तिथे मानेत जाड कॅथेटर घालणं म्हणजे गुठळीला जागा करून देणं. दुसऱ्या बाजूने, अल्ब्युमिन देऊन केलेल्या प्रत्येक एक्स्चेंजनंतर फायब्रिनोजेन निम्म्याहून खाली येतं आणि भरून यायला दोन-तीन दिवस लागतात; आतड्यातून रक्त पडत असताना हे नको असतं. एकेक दिवस सोडून पाच वेळा केलं की स्वतःच्या चांगल्या अँटीबॉडीही तळाला जातात. वर स्टिरॉइड, अॅझाथायोप्रिन चालूच. कॅथेटरमधून जंतू शिरायला याहून सोयीची परिस्थिती नाही.

आणि सगळ्यात महागडा तोटा म्हणजे औषध वाया जाणं. इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब या सगळ्या स्वतः आयजीजी जातीच्या अँटीबॉडी आहेत. यंत्राला चांगली-वाईट कळत नाही. परवा घेतलेल्या इन्फ्लिक्सिमॅबचा मोठा हिस्सा आज पिवळ्या पिशवीत जाईल. ज्या औषधाचा गुण ओसरतोय तेच आपण उपसून काढू. एखाद्या रुग्णाला दुसऱ्याच कारणासाठी, समजा गिया-बारेसाठी, एक्स्चेंज करावंच लागलं तर आम्ही पोटाच्या डॉक्टरांशी बोलून ते औषध सगळी सत्रं संपल्यावर द्यायला सांगतो. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गटातली गोळी चालू असेल तर ती एक-दोन दिवस आधी थांबवतो, कारण अल्ब्युमिनबरोबर तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आणि हिपॅटायटिस बी वगैरेंच्या अँटीबॉडी तपासण्या एक्स्चेंजच्या आधीच काढून ठेवतो. नंतर त्या भरवशाच्या राहत नाहीत.

एक गोंधळ इथे दूर करायला हवा. कदाचित केंद्रवाल्यांनी किंवा इंटरनेटने तुम्हाला 'जपानमध्ये कोलायटिससाठी हे सर्रास करतात' असं सांगितलं असेल. जपानमध्ये करतात ते वेगळं आहे. त्याला ग्रॅन्युलोसाइट-मोनोसाइट अॅफेरेसिस म्हणतात. त्यात प्लाझ्मा फेकत नाहीत. सेल्युलोज अॅसिटेटच्या दोन मिलिमीटरच्या मण्यांनी भरलेल्या एका नळकांड्यातून, अॅडाकॉलम नावाच्या, रक्त मिनिटाला ३० मिलिलिटर वेगाने तासभर फिरवतात. चेकाळलेल्या पांढऱ्या पेशींपैकी काही त्या मण्यांना चिकटतात, बाकी रक्त परत. निदान हा विचार पेशींच्या दिशेने जातो, म्हणून मला तो प्लाझ्मा काढण्यापेक्षा जास्त पटतो, आणि त्याचे दुष्परिणामही फार कमी आहेत. पण तिथेही बनावट सत्राशी तुलना केली, म्हणजे काही रुग्णांचं रक्त मण्यांतून न नेता नुसतं नळ्यांतून फिरवून परत दिलं, तेव्हा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत कोलायटिस शांत झालेले १७ टक्के विरुद्ध ११ टक्के निघाले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. क्रोन्समधल्या चाचणीत तर दोन्ही गट सारखेच. अॅफेरेसिसच्या अमेरिकन संघटनेच्या मार्गदर्शक वर्गवारीत ही पद्धत आतड्याच्या सुजेसाठी तिसऱ्या वर्गात आहे, म्हणजे 'भूमिका निश्चित नाही, रुग्णागणिक ठरवा'. प्लाझ्मा एक्स्चेंज त्या नोंदीत उपचार म्हणून नाहीच.

मग बहिणीचं काय करायचं? इथे माझी खुर्ची सोडून मी थोडं पोटाच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसतो, पण गेली कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर काम करत असल्याने एवढं सांगू शकतो की 'इन्फ्लिक्सिमॅब चालेनासं झालं' हे निदान नाही, तिथून तपास सुरू होतो. पहिल्यांदा हे खरंच आजाराचं उसळणं आहे का ते पाहा. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूसाठी शौचाची तपासणी, कॅलप्रोटेक्टिन, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात सीएमव्ही विषाणू आहे का हे बघतात. मग पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्तातली इन्फ्लिक्सिमॅबची पातळी आणि त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्यात का हे तपासतात. पातळी कमी आणि अँटीबॉडी नाहीत, तर डोस वाढवून किंवा दोन डोसांमधलं अंतर कमी करून तेच औषध पुन्हा चालू शकतं. अँटीबॉडी भरपूर असतील तर औषध बदलायचं. पातळी चांगली असूनही सूज असेल तर टीएनएफचा मार्गच सोडून वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब यांच्याकडे वळतात. अल्ब्युमिन खूप खाली असेल तर इन्फ्लिक्सिमॅब शरीरातून भराभर निघून जातं, तेही लक्षात घ्यावं लागतं.

(कोणीतरी हुशारीने सुचवेल की इन्फ्लिक्सिमॅबविरुद्धच्या अँटीबॉडी प्लाझ्मा एक्स्चेंजने काढू. काढता येतील. त्या बनवणाऱ्या पेशींना आठवण असते, पुढच्या डोसला त्या पुन्हा हजर. दुसरं औषध हाताशी असताना हा उपद्व्याप कशाला?)

मोठं आतडं काढण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव घरात कोणी काढत नसेल. काढायला हवं. सगळी औषधं हरल्यावर, अशक्त शरीरात, घाईत केलेली शस्त्रक्रिया आणि वेळेत ठरवून केलेली शस्त्रक्रिया यांच्या निकालात फार फरक असतो. आज ती करा असं मी म्हणत नाही, पण सर्जनशी एकदा शांतपणे बोलून ठेवायला काय हरकत आहे? उपलब्ध औषधांपैकी निम्मीही वापरून झालेली नाहीत, तेव्हा बहुधा वेळ येणारही नाही.

केंद्राकडे पुन्हा जाणारच असाल तर त्यांना लेखी विचारा: नेमका कोणता रेणू काढणार आहात, यश कॅलप्रोटेक्टिन आणि दुर्बिणीने मोजणार का, इन्फ्लिक्सिमॅब केव्हा देणार, गुठळी किंवा जंतुसंसर्ग झाला तर जबाबदारी कोणाची. 'सूज', 'टॉक्सिन', 'शुद्धी' हे रेणू नाहीत. तिच्या नेहमीच्या पोटाच्या डॉक्टरांना न कळवता काहीही करू द्यायचं नाही.

आणि हे सगळं ठरेपर्यंत एका गोष्टीवर लक्ष ठेवा. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि त्याच्या जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सियसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यांपैकी एक जरी असलं तरी हा तीव्र झटका आहे. पोट फुगलं, दुखणं वाढलं तर त्याहूनही घाई करा. त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करायचं. तिथे शिरेतून स्टिरॉइड, गुठळी टाळायला हेपारिनचं इंजेक्शन आणि तिसऱ्या दिवशी गुण आहे की नाही याचा हिशोब, हा क्रम ठरलेला आहे. तिथे जाईपर्यंत जुलाब थांबवायच्या गोळ्या आणि आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका.